तीन नुक्ते

आप्पासाहेब पेशकार उर्दू लिहिताना नुक्ते देत नसत, आणि पुढे जे रामायण घडलं ते एवढ्यामुळेच घडलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

नुक्ता म्हणजे टिंब. उर्दूत प, त आणि य ही अक्षरं शब्दाच्या तोंडी किंवा मध्ये आली की तिघांचा आकार एकच, एक छोटासा दाता. खाली तीन टिंबं दिली की प, वर दोन दिली की त, खाली दोन दिली की य. टिंबं दिलीच नाहीत तर वाचणाऱ्याने आपली अक्कल चालवायची. कचेरीतले मुरलेले लोक असंच पळतं, घसरतं लिहीत. आप्पासाहेब त्यांच्यातले सगळ्यात मुरलेले. "शहाण्याला नुक्ता लागत नाही, आणि अडाण्याला देऊन उपयोग नाही," असं ते म्हणत आणि बोरू टाकासारखा झटकून पुढची ओळ घेत. निजाम सरकारच्या त्या कचेरीत तीस वर्षं त्यांनी पेशकारी केली होती, म्हणजे साहेबापुढे कागद वाचायचे आणि साहेब जे पुटपुटेल ते ऐटदार भाषेत उतरवायचं. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि राग आला की फारसी. द्वारकाबाईंवर राग आला की फारसीचा फार उपयोग व्हायचा, कारण बाईंना ती कळत नसे आणि भांडण वाढत नसे.

शहागंजामागच्या चुनेवाल्या गल्लीत त्यांचं घर होतं. घरात ते, द्वारकाबाई आणि पाच वर्षांचा नातू भिकन. मुलगा जालन्याला नोकरीवर, सून बाळंतपणाला पैठणला माहेरी. भिकनच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून देवापुढे पदर पसरून मागून घेतलेला तो भिकन. निघताना सुनेने पोराचं बोट सासूच्या नव्हे, सासऱ्याच्या हातात दिलं होतं. "मामंजी, एवढं सोडू नका," एवढंच बोलून ती दमणीत बसली. आप्पासाहेबांनी त्या दिवशी कचेरीला उशीर केला. तीस वर्षांतला तो त्यांचा पहिला उशीर.

आता गोष्ट अशी की गेल्या नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत गल्लीतली तीन पोरं चुकली होती. तिन्ही सापडली, पण दूधवाल्या कारभारीची मंजुळी जिलबीच्या दुकानाखाली झोपलेली मिळेपर्यंत तिच्या आईने सगळ्या जत्रेला रडवलं होतं. या वर्षी घटस्थापनेच्या दिवशीच आप्पासाहेबांनी ओसरीवर गल्ली जमवली आणि खिशातून एक लांबलचक कागद काढला.

"तजवीज," ते म्हणाले. "गल्लीतल्या मुलांच्या हिफाजतीसाठी. एकूण सतरा दफा आहेत."

"सतरा दफा कशाला सांगता, येकदाच सांगा," कारभारी म्हणाला.

दफा म्हणजे इथे खेप नव्हे, कलम, हे त्याला समजावण्यात पहिली पंधरा मिनिटं गेली.

कारभारीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्याच्या मते या प्रश्नावर एवढा कागद खर्चायचं कारणच नव्हतं. "आप्पासाब, आमच्यात लई सोपं हाय. म्होरच्या बकऱ्याच्या गळ्यात घंटी बांधायची. पाठीवर गेरूचा पट्टा वढायचा. दोनशे मेंढरात आपलं मेंढरू वळखू येतंय, मग चौदा पोरं काय जड हायेत व्हय?"

"पोरांच्या पाठीवर गेरू?" आप्पासाहेब म्हणाले.

"मंग हळद लावा. सणाचं बी दिसंल."

शेजारच्या ताहेरा बी पडद्याआडून म्हणाल्या, "घंटी अच्छीच है आप्पासाब. मेरे मिठ्ठू के पिंजरेकू बी है. बिल्ली आई तो समज जाता."

मिठ्ठू हा त्यांचा पोपट. त्याच्याबद्दल आप्पासाहेबांचं मत चांगलं नव्हतं. द्वारकाबाईंचा आवाज त्याने हुबेहूब उचलला होता, आणि दिवसातून दहा वेळा भिंतीपलीकडून "अहो, ऐकलंत का?" आलं की आप्पासाहेब लिहिता लिहिता "हो, आलो," म्हणून उठत. स्वयंपाकघरात गेल्यावर द्वारकाबाई विचारत, "काय हवंय?" आणि पेशकारांना निष्कारण पाणी प्यावं लागे. भिकनला मात्र मिठ्ठूचं वेड होतं. आपल्याकडेही एक तोता हवा म्हणून त्याने महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. तोता हा शब्दही त्याने ताहेरा बींकडूनच उचललेला. आप्पासाहेबांनी ती मागणी तोंडी नामंजूर केली होती.

शेवटी घंटी, गेरू, हळद हे सगळं फेटाळलं गेलं आणि तजवीज मंजूर झाली. एका बाजूने ती मंजूर करायला आप्पासाहेबच होते आणि दुसऱ्या बाजूने लोकांना घरी जाऊन जेवायचं होतं. दफा तीनप्रमाणे प्रत्येक मुलाच्या गळ्यात लाल दोऱ्यात एक पत्र्याचा बिल्ला आला. त्यावर नाव, बापाचं नाव आणि पत्ता. मजकूर आप्पासाहेबांनी स्वतः लिहून दिला, कासाराने ठोकून काढला. अर्थात बिनानुक्त्याचा. कासाराने एक बिल्ला उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरला, आणि दोन्हीकडून सारखाच दिसतो म्हणून नमस्कार केला.

दफा नऊप्रमाणे प्रत्येक मुलाने नाव-पत्ता तोंडपाठ करायचा. पाच दिवस गल्लीत सकाळ-संध्याकाळ चौदा पोरांचा गजर चालला. भिकन तर झोपेतही बरळे, "भिकन वल्द रंगनाथ, साकिन चुनेवाली गल्ली, शहागंज." वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा आणि साकिन म्हणजे राहणार, हे चौदांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दफा दहा अशी होती की मुलं एका दोराला धरून चालतील. आणि दफा बारा, जी आप्पासाहेबांची सगळ्यात आवडती, ती अशी: तजवीज करणाऱ्याने आपल्या घरच्या मुलाचं बोट स्वतः धरावं व ते कोणत्याही सबबीवर सोडू नये, जेणेकरून इतरांस मिसाल मिळावी.

सातव्या माळेला दुपारी कारभारीच्या बैलगाडीतून तजवीज कर्णपुऱ्याला निघाली.

जत्रेत त्यांची एंट्री एवढी देखणी झाली की बांगड्यांच्या दुकानांवरच्या बायका वळून पाहू लागल्या. पुढे डोक्यावर पगडी चढवलेले आप्पासाहेब, उजव्या हातात भिकनचं बोट. मागे दोराला लटकलेली तेरा पोरं, गळ्यात लकाकते बिल्ले. शेवटी हातात काठी घेतलेला कारभारी, जो सवयीने "हुर्र, हुर्र" करत होता. पाळण्यापाशी आप्पासाहेबांनी हजेरी घेतली. "हाजिर है!" असं तेरा वेळा दणक्यात ऐकू आलं आणि रेवड्या विकणाऱ्याने घाबरून तराजू खाली ठेवला.

कुणी एक धोतर-कोटातले गृहस्थ थांबले. कौतुकाने म्हणाले, "वा! ही काय व्यवस्था आहे?"

एवढं कुणी विचारावं म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. आप्पासाहेबांनी खाकरून घसा साफ केला आणि कागद काढला. कागद लांब होता. एका हाताने तो नीट उलगडेना, वारा सुटलेला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि खणखणीत आवाजात दफा बारा वाचली. "आपल्या घरच्या मुलाचं बोट स्वतः धरावं व ते कोणत्याही सबबीवर सोडू नये."

"व्वा," गृहस्थ म्हणाले. "आणि ते मूल कुठाय?"

आप्पासाहेबांनी खाली पाहिलं. खाली त्यांचेच जोडे होते.

पहिली पाच मिनिटं ते शांत होते. पोरगं इथंच असणार. मग पाळण्याच्या मागे पाहिलं, रेवड्यांच्या गाड्याखाली पाहिलं, देवळाच्या पायऱ्यांवर पाहिलं. तरी तोंडाने हाक निघेना. सतरा दफांचा कर्ता भर जत्रेत "भिकन, भिकन" ओरडत फिरणार? गल्लीच्या तेरा पोरांदेखत? कुणी विचारलं तर ते सांगत, "छत्री शोधतोय." एका भल्या माणसाने त्यांना खरोखरच एक छत्री आणून दिली, आणि नाइलाजाने ती घेऊन त्यांना पुढे फिरावं लागलं.

"आप्पासाब," कारभारी कानाशी येऊन म्हणाला, "म्या बोंब ठोकू का? माझा आवाज लई लांब जातो."

"काही गरज नाही. दफा पंधरा आहे. कारवाई तहरीरी होईल."

तहरीरी म्हणजे लेखी. जत्रेपुरती एक पोलीस चौकी तंबूत बसवली होती. तिथला मुहर्रीर, म्हणजे लिहिणारा-वाचणारा कारकून, नमाजाला गेलेला. दारावर एक शिपाई तंबाखू मळत होता. त्याला तोंडी सांगावं तर तो चार जणांना सांगणार. आप्पासाहेबांनी तिथंच पेटीवर बसून अर्ज लिहिला. तीस वर्षांचं वळण. नातू हरवलाय, एवढं साधं लिहायला त्यांचा बोरू तयारच होईना. उर्दूत नातवाला पोता म्हणतात. 'पोता गुम' असं लिहून पुढे त्यांनी वर्णन असं काही रंगवलं की क्षणभर त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. भिकनच्या अंगात हिरवा सदरा होता, तो झाला 'सब्जपोश'. गळ्यातला लाल दोरा झाला 'सुर्ख कंठा'. गोड बोलतो ते झालं 'शीरीं-जबान'. नुक्ता अर्थातच एकही नाही. कागदाची घडी शिपायाच्या हातात देऊन ते म्हणाले, "मुहर्रीरसाहेबांना द्या. फौरन मुनादी व्हावी, ढोल पिटून." आणि पोरगं कदाचित घरीच गेलं असेल, या आशेवर गाडीत बसले.

पोरगं घरी नव्हतं.

द्वारकाबाईंनी गाडीतून उतरणारी तेरा पोरं मोजली. पुन्हा मोजली. मग नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. हातात कुणाची तरी छत्री होती.

"भिकन कुठाय?"

आप्पासाहेबांनी फारसीत काहीतरी सुरू केलं.

"मराठीत बोला!" द्वारकाबाई अशा ओरडल्या की पलीकडे मिठ्ठू पिंजऱ्यात उलटा झाला. "सतरा कलमं लिहिलीत आणि एक बोट धरता आलं नाही? सुनेला काय तोंड दाखवू मी? लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण!" आणि त्या ओसरीच्या खांबाला धरून मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. भिकनसमोर त्या दोन पाळण्यांची आठवण घरात कुणी काढत नसे. आता दोघांनाही तेवढंच आठवत होतं.

पुन्हा जत्रेकडे धावावं म्हणून ते दाराकडे वळले. दारात एक अनोळखी माणूस उभा होता. त्याच्या हातात पोपट होता.

"आप्पासाब पेशकार का मकान यहीच ना?" माणूस अदबीने म्हणाला. "लेव, मिल गया."

"काय मिळालं?"

"तुमारा तोता."

"माझ्याकडे तोता नाही," आप्पासाहेब म्हणाले आणि त्याला बाजूला सारू लागले. त्याच्या मागे दुसरा माणूस होता. त्याच्याकडे पिंजरा होता. त्याच्या मागे एक बाई, पदराखाली काहीतरी फडफडणारं झाकून आणलेली. तिच्या मागे दोघे भाऊ, एकच पोपट दोन बाजूंनी धरून, तो आधी कुणाला दिसला यावर भांडणारे. आणि गल्लीच्या तोंडाशी पाहावं तो रांग वळून शहागंजाच्या घंटाघराकडे गेलेली. लहान पोपट, म्हातारे पोपट, एक शेपूट नसलेला. एका इसमाने चक्क एक कबुतर आणलं होतं आणि ते हिरवं रंगवलं होतं. रंग ओला होता.

कारभारी बाहेर जाऊन बातमी घेऊन आला. त्याचा चेहरा हसावं की रडावं असा झालेला. "आप्पासाब, साऱ्या जत्रंत अन्‌ गावात दवंडी चाललीय. तुमचा पोपट हरवलाय म्हणून."

तेवढ्यात ढोल जवळ आला आणि दवंडीवाल्या रहीमचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "सुनो, सुनो, सुनो! आप्पासाब पेशकार, साकिन चुनेवाली गल्ली, शहागंज, इनका तोता गुम! सब्जपोश! गले में सुर्ख कंठा! जबान का शीरीं, फल का शौकीन, सिखाया सो सबक फरफर बोलता! जिसकू मिले सो घर पहुंचाव, इनाम पाव!"

पोता आणि तोता. दाता तोच, टिंबं वेगळी. आप्पासाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात त्यांना फक्त आपला बोरू दिसला.

"नातू हरवला आणि तुम्ही पाखरं गोळा करताय?" मागून द्वारकाबाई.

"तो पोता होता!" आप्पासाहेब म्हणाले.

"नातवाला पोतं म्हणता? शरम नाही वाटत?"

एव्हाना अंगणात तीस-चाळीस पोपट आणि तेवढीच माणसं होती. आवाज असा की कुणाचं कुणाला ऐकू येईना. आपला मिठ्ठू या गोंधळात कुणी उचलू नये म्हणून ताहेरा बी पिंजरा घेऊन दारात आल्या, आणि नेमकं तेव्हाच मिठ्ठू ओरडला, "अहो, ऐकलंत का?"

"हो, आलो," आप्पासाहेब म्हणाले. तीस वर्षांची सवय.

बंदोबस्ताला आलेल्या शिपायाने मिठ्ठूकडे पाहिलं, मग आप्पासाहेबांकडे. "तोते ने मालिककू पुकारा," तो गंभीरपणे म्हणाला. "मालिक ने जवाब दिया. शनाख्त हो गई." आणि ओळख पटल्याच्या थाटात त्याने पिंजऱ्याला हात घातला.

"हात तोड दूंगी!" ताहेरा बी कडाडल्या. "अंड्यातून पाला मैं ने! आप्पासाब, तुम बोलो इनकू. शेजारधर्म कुछ है का नै?"

आप्पासाहेब बोलणार कुठून? गर्दीतून चौकीचा मुहर्रीर इब्राहीम स्वतः पुढे आला होता. पेशकारांचा लाडका पक्षी मिळाला का ते पाहायला, हातात रोजनामचा, म्हणजे चौकीची नोंदवही, घेऊन.

"इब्राहीमसाहब," आप्पासाहेबांनी त्याची कॉलर धरली नाही, कारण ते पेशकार होते. पण हात तिथपर्यंत गेला होता. "मी पोता लिहिलं होतं! पोता!"

इब्राहीमने शांतपणे अर्ज उलगडला. "जनाब, नुक्ते किधर हैं?"

"तोता तोय या वेगळ्याच त ने लिहितात, एवढंही कळत नाही? तिथे मी दात्याचा त घातला असता तर इमल्याची, शुद्धलेखनाची चूक झाली असती!"

"वो तो हम बी समजे हुजूर," इब्राहीम खालच्या मानेने म्हणाला. "हम बोले, पेशकारसाब के हातसे इमले की गलती हो गई. बड़े आदमी हैं, टोकना अच्छा नै दिसता. हम ने चुपके से दुरुस्त कर लिया."

आप्पासाहेबांनी बोलायला तोंड उघडलं. उर्दू आली नाही. फारसी आली नाही. त्यांनी रहीमच्या गळ्यातला ढोल ओढून घेतला, पगडी खाली पडली ती तशीच राहू दिली, आणि काठीने दोन दणके देऊन ते ओसरीच्या पायरीवर चढले.

"ऐका हो!" ते ओरडले. आवाज फाटला होता. "माझा नातू हरवलाय! पोपट नाही, पोरगं! पाच वर्षांचं! मीच हरवलंय. माझ्याच हातून बोट सुटलं! भिकन नाव आहे. कुणाला दिसला असेल तर सांगा हो, तुमच्या पाया पडतो!"

चुनेवाल्या गल्लीने आप्पासाहेबांना तीस वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. पोपटवाले जागच्या जागी थिजले. ज्याने कबुतर रंगवलं होतं त्याने ते हळूच पाठीमागे लपवलं. ताहेरा बींनी पदर डोळ्याला लावला. कारभारीने मोठ्याने नाक शिंकरलं.

आणि त्या शांततेत दारातून आवाज आला, "आबा, सरका ना. आमचा नंबर आहे."

रांगेत, शेपूट नसलेल्या पोपटाच्या मागे, भिकन उभा होता. हिरवा सदरा शिताफळाच्या गराने माखलेला. एका हाताने त्याने एका म्हातारीचा हात धरला होता, आणि तिच्या दुसऱ्या हातात टोपलीखाली पोपट होता.

द्वारकाबाईंनी दोन पोपटवाले आडवे करून नातवाला उचललं. आप्पासाहेबांनी उचलायला हात पुढे केले, पण गळ्यात ढोल होता. त्यांना पोराला ढोलासकटच मिठी मारावी लागली आणि ढोलातून एक बद्द आवाज निघाला.

"म्या दौलताबादची सारजाबाई," म्हातारी सांगू लागली. "शिताफळं इकाया आले व्हते जत्रंत. ह्ये लेकरू माझ्या पाटीपाशी येऊन बसलं. रडंना का काय. चांगली सात शिताफळं हाणली. म्या म्हनलं, कुनाचं रं तू? तर म्हनतंय, 'वल्द साकिन.' म्या म्हनलं, वल्द साकिन कोन बया? कुनी रोहिल्याचं हाय का काय? गळ्यात बघितलं तर पिराचा ताईत."

"तो बिल्ला आहे," आप्पासाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"आसंल. मंग दवंडी आली. ती ऐकली अन्‌ ह्ये उठलंच. म्हनतंय, 'आमच्या आबांचा तोता हरवलाय!' काल आमच्या झाडाखाली ह्ये पाखरू पडलेलं घावलं व्हतं, पाटीतच व्हतं. ह्येनं बघितलं अन्‌ हटूनच बसलं. ह्योच तोता, चल आमच्या घरी. म्या म्हनलं घर कुटं? तर म्हनलं, 'मी दावतो.' गाडी जुंपली. गाडीत म्होरं बसून ह्येनंच वाट दावली, येक वळन चुकलं नाय."

भिकनने हात पुढे केला. "आबा, तुमचा तोता आणला. इनाम द्या."

"अरे, पण तुला कुणी सांगितलं आबांकडे तोता आहे म्हणून?"

"दवंडीत म्हणाले. तुम्ही मला न सांगता आणला होता ना, दसऱ्याला द्यायला?"

आप्पासाहेबांना एक भलताच प्रश्न पडला होता आणि तो विचारल्याशिवाय राहवेना. खाली बसून, पोराच्या डोळ्याला डोळा लावून ते म्हणाले, "आणि समज, भिकन, दवंडीत असं म्हटलं असतं की आप्पासाहेबांचा पोता हरवला, तर?"

भिकनने मन लावून विचार केला. "पोतं हरवलं तर हरवू दे. पोतं शोधायला कोण जाईल? अजून शिताफळं होती."

इब्राहीम मुहर्रीर आभाळाकडे पाहत उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो काही भाव होता तो आप्पासाहेबांनी पाहिला नाही असं केलं.

पोपटवाले एकेक करून परतले. द्वारकाबाईंनी प्रत्येकाच्या हातावर नवरात्राचा प्रसाद ठेवला. रंगवलेल्या कबुतरवाल्यालाही ठेवला, आणि कबुतर धुवून सोडायला लावलं. सारजाबाईला लुगडं नेसवलं. तिचा पोपट इनाम म्हणून भिकनकडेच राहिला, कारण तो मंजूर करायचा की नाही हे आता आप्पासाहेबांना कुणी विचारलंच नाही.

राहता राहिला रोजनामचा. इब्राहीमने तो ओसरीवर उघडून ठेवला. "पोंच लिखके देना पड़ता हुजूर. जो गुम हुआ था सो मिल गया करके."

आप्पासाहेबांनी बोरू उचलला. सावकाश, शाळेतल्या पहिल्या पुस्तकात असतात तसल्या ढोबळ अक्षरांत त्यांनी लिहिलं: पोता मिला. मग पहिल्या दात्याखाली एक नुक्ता दिला. दुसरा दिला. तिसरा असा दाबून दिला की कागदाला भोक पडलं. खाली त्यांनी झटकन सही केली, नेहमीची, पळती.

इब्राहीम घुटमळला. "हुजूर, गुस्सा नक्को. एक अर्ज है. दस्तखत में बी देव. पंद्रा साल से आपके कागज आते, नुक्ते नै रहते, तो हमारे चौकी में सब लोगां 'आप्पासाब'कू 'आयासाब' पढ़ते."

ताहेरा बींच्या दारात कुणीतरी फिसकन हसलं. मिठ्ठू होता असं नंतर सांगण्यात आलं.

बोरू पुन्हा शाईत बुडवून आप्पासाहेबांनी आपल्या नावाखाली नुक्ते द्यायला घेतले, आणि भिकन त्यांच्या डाव्या हाताशी उभा राहून मोठ्याने मोजत होता, "एक, दोन, तीन." रोजनामचा वाऱ्याने हलू नये म्हणून द्वारकाबाईंनी दोन्ही हातांनी दाबून धरला होता, कारण आप्पासाहेबांचा डावा हात रिकामा नव्हता.